बोळात मावती काय?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गाडी एकट्यानं घेता येत नाही. पैसे एकट्याचे असतात, कर्जाच्या कागदावर सही एकट्याची असते, हप्ताही एकट्याच्याच खात्यातून जातो. पण पारखायला पेठ लागते. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीमैदान बांधलं, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. एवढा काळ ज्या गावानं लाल मातीत उतरलेल्या गड्याची नुसती मान बघून 'ह्यो किती मिनिटं टिकतोय' हे सांगितलं, ते गाव शोरूमच्या काचेआड उभ्या असलेल्या गाडीला बिनबोभाट कसं सोडेल? रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरवणारं हे शहर. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेली निम्मी गर्दी आधी बोनेटकडं बघते आणि मग शमीकडं. अशा ठिकाणी तुम्ही माहितीपत्रक चाळून गुपचूप गाडी बुक करून आलात, तर तो घरगुती निर्णय राहत नाही, पेठेचा अपमान होतो.

आमच्याकडे विषय सकाळच्या चहाला निघाला आणि दुपारच्या आत तालमीच्या कट्ट्यावर पोचला. संध्याकाळी तिथून जाताना आण्णांनी हाक मारली. आण्णा पेठेतले जुने पैलवान. कान मोडलेले, गुडघे गेलेले, मतं शाबूत.

"काय मर्दा, गाडी घ्यालायस म्हणं?"

"बघायला लागलोय, आण्णा."

"कंची?"

"मिडसाइज एसयूव्ही."

"म्हंजे मोठी का बारकी, ते सांग की."

मी नावं घेतली. २०१५ पासून रस्त्यावर असलेली क्रेटा, २०१९ ची सेल्टॉस, २०२२ ची ग्रँड विटारा आणि तिचीच टोयोटाकडं दिलेली बहीण हायरायडर, २०२३ ची एलिव्हेट, आपल्या चाकणला तयार होणाऱ्या कुशाक आणि टायगुन. सगळ्यांची लांबी चार-साडेचार मीटरच्या मधे, आणि बहुतेकींचं इंजिन दीड लिटरच्या आसपास. आण्णांनी यादी शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

"शॅसी हाय?"

"नाही आण्णा, मोनोकॉक. म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच."

"शॅसी न्हाई," आण्णा बाकीच्यांकडं वळून, मी उठून गेल्यासारखं म्हणाले. "म्हंजे नुसता पत्रा."

आण्णांच्या पिढीला एसयूव्ही म्हणजे स्कॉर्पिओ. २००२ साली नाशिकहून ती आली आणि जिल्ह्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना उतरायला योग्य अशी पायरी मिळाली. तिच्याखाली खरोखरच ट्रकसारखी शॅसी असते. मी म्हणतोय त्या गाड्या मोटारीच्याच सांगाड्यावर उंच कपडे शिवलेल्या. बहुतेकींची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. माझं स्वतःचं मत असं की गगनबावड्याहून करूळ घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. आपल्याला मासे खायला जायचंय, मुलूख मारायला नाही.

मी सुरक्षेचे तारे पुढे केले. २०२३ पासून भारत एनकॅप नावाची आपली स्वतःची चाचणी आहे, त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, ५० नं कुशीत धडक देतात, आणि पाचापैकी तारे देतात. शॅसी नसलेल्या हॅरियरला पहिल्याच फेरीत पाच मिळाले. आण्णांनी विचारलं, "रात्रीच्याला बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीला मागनं बसली, तर किती तारे?" यावर कट्टा हसला, पण हंगामात शिरोळ-कागलच्या रस्त्यानं रात्री गाडी चालवलेला एकही जण मनापासून हसला नाही. खरं तर ही चाचणी आपल्याकडं सगळ्यात आधी हवी.

मग रुंदीचा मुद्दा आला. क्रेटाची रुंदी १७९० मिलिमीटर, ग्रँड विटाराची १७९५. म्हणजे पाच फूट साडेदहा इंच. आणि हे आरसे सोडून. माहितीपत्रकात आरसे कधीच धरत नाहीत. आमच्या बोळात मात्र आधी आरसा येतो आणि मग गाडी. बोळ कागदावर चांगला रुंद आहे. प्रत्यक्षात त्यात डाव्या हाताला तीन मोपेड, एक तुळशी वृंदावन, पाण्याच्या मीटरचा चौकोनी खड्डा आणि दुपारी तिनापर्यंत वाळत घातलेली सांडग्यांची बाज असते. उजव्या हाताला एका काकांची आरामखुर्ची आहे. ती सरकवता येते, काका सरकत नाहीत.

तालमीतल्या पोरांनी सुतळी आणली. एकानं मोबाइलवर गाडीची रुंदी काढली, दुसऱ्यानं तेवढी सुतळी तोडली, दोघांनी दोन टोकं धरली आणि 'पीं पीं' करत अख्ख्या बोळातून ती आडवी नेली. नळाच्या कोपऱ्यावर सुतळी अडकली. काकांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "आरसं मिटून घ्या की." सुतळीचे आरसे मिटले, सुतळी गेली. ज्या कंपनीला कुटुंबाची गाडी विकायची आहे तिनं असली एक सुतळी शोरूममध्ये फुकट द्यावी, हे माझं प्रामाणिक मत आहे. वळणाचा घेर मीटरमध्ये छापून आमच्या काय उपयोगाचा?

शोरूममध्ये गेलो तेव्हा बरोबर आई, बायको, आण्णा आणि सुतळीवाल्यांपैकी एक पोरगा. टायवाल्या मुलानं सुरुवात छतापासून केली. "सर, पॅनोरॅमिक सनरूफ." कोल्हापुरात या काचेचा मूळ उपयोग त्याला कुणी सांगितला नसावा. निकालादिवशी निवडून आलेल्या नगरसेवकाला कमरेइतकं बाहेर काढून वरून जेसीबीनं गुलाल ओतायचा असेल, तर ही सोय उत्तम. उरलेल्या दिवसांत ती छताला पाडलेली खिडकी. एप्रिलच्या उन्हात तिचा पडदा बंदच ठेवावा लागतो. आणि धावत्या गाडीत पोरं त्यातून बाहेर काढणाऱ्या बापांना माझ्याकडं वेगळे शब्द आहेत, ते इथं छापता येणार नाहीत.

मग त्यानं एडास दाखवलं. पुढं काही आडवं आलं की गाडी ओरडते, स्वतः ब्रेक मारते, रस्त्याचा पट्टा सोडला की स्टिअरिंग हलवून जागेवर आणते. फिरवून बघायला त्यानं आम्हाला महामार्गावर नेलं. तिथं कुठलीही गाडी चांगलीच वाटते. येताना मी हट्टानं मिरजकर तिकटीकडून आणली. तिथं एडासनं हंबरडाच फोडला. पुढून म्हैस, डावीकडून रिक्षा, उजवीकडून उलट्या दिशेनं मोटारसायकलवर तिघं, आणि कॅमेरा बिचारा रस्त्यावरचा पांढरा पट्टा शोधतोय. शेवटी आईच म्हणाली, "बंद कर बाबा ते. घाबरालंय."

पण या प्रकारची गाडी घ्यायचं एकमेव खरं कारणही आईमुळंच कळलं. साध्या मोटारीत बसताना तिला आत पडावं लागतं आणि उतरताना दोघांनी ओढावं लागतं. स्कॉर्पिओत चढायला पायदान धरून सराव हवा. इथं तिनं लुगडं सावरलं, मागं वळली आणि टेकली. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला. "हां," ती म्हणाली, "मी ह्यात बसतो." गुडघ्याचं हे माप कुठल्याच जाहिरातीत नसतं. तिथं काय असतं, तर डोंगरकड्यावर एकटीच उभी असलेली गाडी आणि खाली दरी. तिथं आईला कोण नेणार आहे?

डिकी लिटरमध्ये मोजतात. क्रेटाची ४३३, एलिव्हेटची ४५८. बायकोनं विचारलं, "तांदळाचं पोतं, चटणीच्या दोन बरण्या आणि गुळाचा रवा मावतो काय, ते सांगा." रवा म्हणजे गुळाची ढेप. टायवाल्या मुलाला तो शिऱ्याचा वाटला. ग्रँड विटाराच्या हायब्रिडचा मोह मला बराच वेळ होता, कारण कागदावर ती लिटरला २७.९७ किलोमीटर देते. पण तिची बॅटरी डिकीच्या तळाला बसवलेली. साध्या विटाराची ३७३ लिटरची जागा हायब्रिडमध्ये २६५ वर येते. म्हणजे गावाकडचा तांदूळ एसटीनं आणायचा आणि आपण मायलेजमध्ये यायचं.

डिझेलचा आग्रह आण्णांचा. ओढ चांगली असते हे खरंच. पण २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी एक जाळी असते, आणि साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ताणून पळवावी लागते. मंगळवार पेठ ते महाद्वार, तिथून रंकाळा आणि घरी, एवढ्यावर ज्यांचं जग संपतं त्यांनी डिझेल घेऊ नये. नाहीतर केवळ जाळी साफ करायला साताऱ्यापर्यंत जाऊन यावं लागतं, आणि मग कंदी पेढ्यांचा खर्च वेगळा.

किंमत निघाली तेव्हा सगळे खुर्च्यांवर बसले. एक्स-शोरूम किंमत ही अशी रक्कम आहे की जी आजवर कुणीच दिलेली नाही. तिच्यावर विमा, नोंदणी आणि दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात बारा टक्के रस्ता कर. मूळ किमतीच्या पोटात जीएसटी आधीच बसलेला. तिथं एक गंमत होती. जुन्या हिशेबात सरकारनं एसयूव्हीची व्याख्या केली होती: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, पोट जमिनीपासून निदान १७० मिलिमीटर उंच. तिन्ही अटी जुळल्या की २८ टक्क्यांवर २२ टक्के उपकर. आता क्रेटाचं पेट्रोल इंजिन १४९७ सीसीचं. म्हणजे जाहिरातीत आणि मालकाच्या छातीत ती एसयूव्ही, पण सरकारच्या वहीत थोडक्यात हुकलेली साधी मोटार, उपकर १७ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा सगळा घोळ मोडून अशा गाड्यांना सरसकट ४० टक्के झाले. आण्णांनी तो चाळीस टक्क्यांचा आकडा ऐकला, चहाचा कागदी कप ठेवला आणि ठराव मांडला, "जुनी बघायची."

जुनी गाडी बघणं म्हणजे वडगावच्या बाजारात बैल बघणं. दलाल तेच, शपथा त्याच, आणि मालाच्या मागं उभं राहून त्याच्या पुढच्या बाजूचं कौतुक करणंही तेच. बैलाचं वय दातावर, गाडीचं टायरवर. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असतील तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी २०२१ ची, मीटरवर एकेचाळीस हजार, आणि टायर एकदा बदलून पुन्हा गुळगुळीत झालेले, तर मीटर खोटं बोलतंय किंवा मालक फुटबॉलच्या मैदानात ब्रेक मारून दाखवत होता. ब्रेकच्या पेडलचं रबरही बघावं. मीटर मागं फिरवतात, रबर कुणी फिरवत नाही.

जाहिरात मात्र नेहमी एकच: डॉक्टरांची गाडी, एकच मालक, शोरूम कंडिशन. कोल्हापुरात विकायला निघालेल्या सगळ्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तर सरकारी दवाखान्यात केसपेपरला रांगच लागली नसती.

आम्ही उद्यमनगरचा मिस्त्री बरोबर घेतला. हा माणूस फारसं बोलत नाही, कारण आयुष्यभर लेथच्या आवाजात गेलं. त्यानं पहिल्यांदा बोनेटला तळवा लावला. "गरम का?" दलाल म्हणाला, "आत्ताच पुसून घेतली साहेब." पुसल्यानं इंजिन तापत नाही. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेली होती. थंड इंजिन पहिल्या स्टार्टरला जे पोटातलं सांगतं ते तापलेलं सांगत नाही. त्या गाडीपाशी आम्ही जास्त वेळ थांबलो नाही.

दुसरीचं दार उघडून मिस्त्रीनं कडेचं रबर ओढलं आणि खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे ठिपके बोटानं चाचपले. कंपनीचे ठिपके गोल, सारख्या अंतरावर. हे जत्रेत हरवल्यासारखे. विम्याचा कागद मागितला, तर पाच वर्षांच्या गाडीला नो क्लेम बोनस शून्य. पाच वर्षं काही मागितलं नाही तर तो पन्नास टक्क्यांवर जातो. शून्य म्हणजे विमा कंपनीकडं नुकताच पैसा मागितलेला, आणि एवढा पैसा कुणी आरसा बदलायला मागत नाही.

तिसऱ्या गाडीचा एसी मिस्त्रीनं चार नंबरवर टाकला आणि आमच्या शर्टावर गुलाबी धूळ उडाली. सगळे एकदम गप्प. बाहेरगावच्या माणसाला कळलं नसतं. आम्हाला लगेच कळलं. जोतिबाची चैत्र यात्रा, काचा उघड्या, आणि चांगभलं. हा गुलाल जाळीत, गादीत, बेल्टाच्या खोबणीत बसतो आणि पुढच्या तीन मालकांना पुरतो.

"याचे धा हजार कमी करा," आण्णा म्हणाले.

"कमी?" दलाल उखडला. "देवाला जाऊन आल्याली गाडी हाय आण्णा. धा जास्त लागत्यात."

यावर आईनं डोक्यावरून पदर घेतला, त्यामुळं आमची बाजू लंगडी पडली.

पण गुलाल परवडला, गाळ नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा देते, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती त्याच्याही बरीच वर चढली आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क भागात तळघरांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या. काही धुऊन, अत्तर मारून बाजारात आल्या. म्हणून मिस्त्री प्रत्येक गाडीचा सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढून काढतो. वरचा दोन हात पट्टा स्वच्छ असतो. तळाला, जिथं कुणी धुवायला हात घालत नाही, तिथं नदी आपली रेघ ठेवून जाते. स्टेपनीच्या खड्ड्यातही बघायचं. आणि गाडीत फार छान वास येत असेल तर उतरून सरळ घरी यायचं.

मधे निपाणीचे दाजी आले आणि म्हणाले, "आमच्याकडची केए तेवीस घ्या की, स्वस्तात लावून देतो." दाजींचा मान म्हणून ऐकून घेतलं. पण राज्याबाहेरची गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथल्या आरटीओची हरकत नसल्याचा २८ नंबरचा फॉर्म, इथं पुन्हा नोंदणी, पुन्हा कर. आणि दाजींच्या राज्यातला आधी भरलेला कर परत मिळवायला दाजींनाच कामाला लावायचं. बहिणीच्या संसाराचा विचार करून ते सोडलं. दिल्लीच्या गाड्यांचंही तसंच. तिकडं डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली तशा अशा चकचकीत गाड्या दक्षिणेकडं उतरू लागल्या. दिसतात बिनपावसाच्या, आणि आहेतही बिनपावसाच्या. त्यांना गगनबावड्याचा पहिला जुलै दाखवायला आपण कशाला जायचं?

शेवटी मन गुलालवाल्या गाडीवरच बसलं. ठिपके गोल, पट्टा कोरडा, बोनस शाबूत, आईच्या कमरेइतकी सीट, आणि रुंदी सुतळीबरहुकूम. सौदा आण्णांनी केला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दलालाच्या हातावर टाकला आणि खाली बोटं धरली. दलाल तिशीतला, त्याला ही भाषा येत नव्हती. तो नुसता घाबरून "बरं, बरं" म्हणत राहिला. टॉवेल निघाला तेव्हा पंचवीस हजार उतरले होते. दलाल नुसता मधला, विक्री मालकाकडूनच, म्हणून जीएसटीचं काही नव्हतं. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर अठरा टक्के भरावे लागतात आणि ते तो आपल्याकडूनच घेतो. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या, बँकेचा बोजा उतरवल्याचा ३५ नंबर झाला. मिस्त्री एसीची जाळी काढायला निघाला तशी आई मागं लागली, "ऱ्हाऊ दे. देवाचा हाय."

गाडी बोळाच्या तोंडाशी आली. आरसे मिटले, काकांनी पाय आखडते घेतले, तालमीची पोरं पुढून मागून "येऊ दे, येऊ दे" करत होती, आणि गाडी आत गेली. नारळ फुटला. आण्णांनी एक चक्कर मारली, टायरला एक लाथ घातली, मान हलवली आणि बंडीच्या खिशातून गणपतीचं पावतीपुस्तक काढलं.

"पाच हजार एक."

"आण्णा, दर वर्षी पाचशे एक असतात की!"

"तवा तुझ्याकडं स्कूटर होती. आता तू एसयूव्हीवाला."

"एसयूव्ही नाही हो ती. ही एकवीसची गाडी. तेव्हाच्या सरकारच्या वहीत साधी मोटार, १४९७ सीसी—"

"त्यांच्या वहीत नसंल," आण्णा पेनाचं टोपण दातानं काढत म्हणाले. "तालमीच्या वहीत हाय."